नरनाळ्याच्या दरवाजावरचा शिलालेख

मागच्या हिवाळ्यात मुलांना घेऊन नरनाळ्याला गेलो. अकोट ओलांडून शहानूर गावातून वर चढायचे. वन विभागाचे नियम पाळत, मुले मोजत, महाकाली दरवाजापाशी थांबलो. पांढरट वालुकाश्म, कमळाची फुले, दोन्ही बाजूंना पुढे आलेले सज्जे आणि त्यांच्या दगडी जाळ्या. प्रत्येक जाळीची नक्षी वेगळी. वर शिलालेख.

"सर, तुम्ही उर्दू शिकवता ना? वाचून दाखवा की!"

मी मान वर केली. अल्लाहचे नाव ओळखता आले. पुढची अक्षरे एकमेकांत अशी गुंफलेली की दोन शब्दांपलीकडे गाडी सरकेना. मुलांना खरे ते सांगितले, "मला नीट येत नाही रे." मग मला जे ठाऊक होते ते सांगितले.

हा दरवाजा 1487 चा. बहमनी सुलतान महमूदशहाच्या काळात वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमादुल्मुल्क याने तो बांधवला. फरिश्ता हा इतिहासकार लिहितो की, फतहुल्ला मूळचा विजयनगरकडच्या ब्राह्मण घरातला. लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला आणि वऱ्हाडात वाढला. पुढे 1490 च्या सुमारास त्याने इमादशाही उभी केली. राजधानी होती आपले अचलपूर. त्याच घराण्याचा शेवटचा वारस बुऱ्हाण याच नरनाळ्यावर कैदेत पडला. त्याला कोंडणारा तुफालखान त्याचाच कारभारी. 1574 मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने वऱ्हाड घेतले आणि इमादशाही संपली.

एका मुलीने विचारले, "मग सर, हा किल्ला कोणाचा?"

प्रश्न साधा होता. पण आजकाल तो कोणत्या सुरात विचारला जातो, हे आपण सगळे जाणतो. ब्राह्मण घरात जन्मलेल्या मुसलमान सुभेदाराचा, महाकालीच्या नावाने ओळखला जाणारा दरवाजा. एका नावात तो बसवायचा कसा? मी म्हटले, "ज्यांनी दगड घडवला त्यांचा, आणि जे जपतील त्यांचा."

उतरताना एकाने खिशातून खडू काढला. भिंतीवर नाव लिहायचे होते. त्या मुलीनेच त्याचा हात धरला.

घरी आल्यावर मी फारसीचे जुने व्याकरण कपाटातून काढले. चाळिशी उलटली आहे, पाठांतर होत नाही. पण पुढच्या वर्षी मुले पुन्हा विचारतील.