परीक्षेचें फळ आणि गुरुजींचें वेतन

ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत शाळेचा विषय कशास, असें कोणी विचारील. परंतु ज्या घरचीं मुलें शाळेंत जातात, त्या घराच्या सुखदुःखाशीं गुणपत्रकाचा संबंध येतोच. म्हणून बपेऱ्याच्या बंधुभगिनींपुढें हा जुना इतिहास ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१८६२ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट लो यांच्या पुढाकारानें असा नियम झाला कीं, शाळांना सरकारी अनुदान परीक्षेच्या फळावर द्यावें. सहा वर्षांवरील प्रत्येक मुलामागें हजेरीबद्दल ४ शिलिंग, आणि वाचन, लेखन व गणित यांत तें उत्तीर्ण झाल्यास आणखी ८ शिलिंग; एका विषयांत मूल नापास झालें कीं त्या आठांतील तिसरा हिस्सा बुडाला. सार्वजनिक पैशाचा हिशेब लागावा, हा हेतु कांहीं वाईट नव्हता. परंतु मुलाच्या चुकीनें शाळेचें उत्पन्न घटूं लागलें, तेव्हां शिकविणें मागें पडून घोकंपट्टी पुढें आली. कवि मॅथ्यू अर्नोल्ड हे स्वतः शाळांचे निरीक्षक. तरी या पद्धतीनें शिक्षण यांत्रिक होतें, अशी टीका त्यांनींच केली.

हेंच तत्त्व आपल्या देशांतहि आलें व मुंबई इलाख्यांत खासगी शाळांच्या अनुदानास लागू झालें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत महात्मा जोतीराव फुले यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, अडाणी व गरीब लोकांत विद्येची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाहीं; त्यांच्यासाठीं ही पद्धति निरुपयोगी होय, कारण अशा वस्तींत शाळा काढून शिक्षकाचें पोट भरणार नाहीं. प्राथमिक शिक्षकास १२ रुपयांहून कमी वेतन नसावें, असाहि त्यांचा आग्रह होता. पुढें १९०४ च्या सरकारी ठरावानें ही पद्धति त्याज्य ठरविली.

आपला भंडारा जिल्हा त्या काळीं मध्यप्रांतांत होता. तथापि फुल्यांचें म्हणणें आपल्या गांवांसहि लागू पडतें. रोवणीच्या दिवसांत जें मूल आईबरोबर बांधींत राबतें, त्याचे गुण उणे पडले तर तो गुरुजींच्या आळसाचा पुरावा नव्हे, आणि मुलाच्या मंदपणाचाहि नव्हे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवीपर्यंत कोणास नापास करूं नये असें ठरविलें, आणि वर्षभर मूल्यमापन करून श्रेणी देण्याची रीत आली. २०१९ सालीं तो कायदा सुधारला, आणि २०२३ मध्यें महाराष्ट्रानें पांचवी व आठवीस वार्षिक परीक्षा पुनः आणिली. रीति अशा बदलतच राहतील. आमचें म्हणणें इतकेंच कीं, मूल कोठें अडलें हें गुरुजींस कळावें, यासाठीं परीक्षा असते. अडलेल्या मुलास वगळून तिचें फळ गोड दिसूं लागलें, तर तें फळ किडकें समजावें.

म्हणून, मातापितरांनो, पाल्याचें पत्रक हातीं येईल तेव्हां गुण किती, हें एकदां पाहा. आणि कोणतें गणित चुकलें, हें गुरुजींपाशीं बसून दोनदां विचारा.