एका पंगतीचा इतिहास

पंक्तिभेद हा दोष केवळ आपल्याच समाजाचा, अशी आम्हां सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत असते. हिंदुस्थानांतील ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास चाळला म्हणजे ती फारशी टिकत नाहीं. एकाच देवाला भजणारे व एकच ग्रंथ वाचणारे हे लोक प्रभुभोजनाच्या वेळीं मात्र निरनिराळ्या पंक्तींत बसत. आणि त्या पंक्ती त्यांनीं स्वतः मांडलेल्या नव्हत्या.

एकोणिसाव्या शतकांत परदेशी मिशनांनीं, आपसांत कलह नको म्हणून, मुलूख वांटून घेतले. योजना शहाणपणाची होती यांत संशय नाहीं. परंतु कोणीं कोणत्या पंथाचें व्हावयाचें हें त्यामुळें श्रद्धेवरून नव्हे, तर गांव कोणत्या जिल्ह्यांत आहे यावरून ठरूं लागलें. आपल्याकडचेंच पाहा ना: अहमदनगरकडचा ख्रिस्ती अमेरिकन मराठी मिशनमुळें काँग्रिगेशनल, तर नाशिककडचा चर्च मिशनरी सोसायटीमुळें अँग्लिकन. इंग्लंडांतील जुनीं भांडणें अशा रीतीनें गोदावरीकांठीं बिऱ्हाडाला आलीं!

ह्या दुराव्याची खंत ज्यांनीं आयुष्यभर वाहिली त्यांत वेदनायकम् सॅम्युएल अझरिया यांचें नांव ठळक आहे. तिनेवेल्ली जिल्ह्यांतील एका खेडेगांवच्या पाद्र्याचा हा मुलगा. १९०५ सालीं श्रीरामपूर येथें निरनिराळ्या पंथांच्या हिंदी ख्रिस्त्यांनीं स्वतःच्या माणसांवर व पैशावर चालणारी नॅशनल मिशनरी सोसायटी काढली, तींत ते अग्रभागीं होते. एकत्र येण्याची इच्छा धर्मशास्त्राच्या वादांतून उपजत नाहीं, ती एकत्र काम करतांना उपजते, असें आम्हांस वाटतें. निदान अझरियांच्या बाबतींत तसें झालेलें दिसतें. १९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेंत त्यांनीं मिशनऱ्यांचा त्याग मोकळ्या मनानें मान्य केला. पण हिंदी सहकाऱ्याला आपल्या घरीं पानावर बसवणारे त्यांच्यांत किती, असा रोख धरून शेवटीं त्यांनीं मागितली ती केवळ मैत्री. हें भाषण कित्येकांना झोंबलें. दोन वर्षांनीं, १९१२ सालीं, ते दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन पंथांतील हे पहिले हिंदी बिशप.

१९१९ च्या मे महिन्याच्या पहिल्या दोन दिवशीं तरंगंबाडी येथें तेहतीस धर्मोपदेशक जमले; त्यांत बहुतेक सारे हिंदी. १७०६ सालीं झीगेनबाल्ग हा जर्मन मिशनरी ह्याच डॅनिश ठाण्यावर उतरला होता. हे भेद आमचे नव्हेत, ते बाहेरून आमच्यावर लादले गेले, असें त्यांनीं स्पष्ट लिहून प्रसिद्ध केलें. योगायोग असा कीं, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांसाठीं १९१७ सालीं ‘देवाचा दरबार’ उभारणारे आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक त्याच महिन्याच्या ९ तारखेस वारले.

पुढें वाटाघाटी चालल्या त्या अठ्ठावीस वर्षें. अडलें कोठें? बिशपाच्या हातून दीक्षा न घेतलेला पाद्री खरा पाद्री कीं नाहीं, ह्या प्रश्नावर! अँग्लिकनांना बिशपांची परंपरा सोडवेना. इतरांना आपल्या गुरूंची दीक्षा अपुरी म्हणवेना. शेवटीं तोड निघाली ती व्यवहारी मनाची: सर्वांची जुनी दीक्षा आहे तशी मानावयाची, नवी मात्र बिशपांच्या हातून द्यावयाची, आणि कोणत्याही मंडळीवर तिला न पटणारा उपदेशक लादावयाचा नाहीं. इंग्लंडांतील कांहीं सनातनी अँग्लिकनांना ही तडजोड अखेरपर्यंत रुचली नाहीं.

२७ सप्टेंबर १९४७ रोजीं मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्यें अँग्लिकन, मेथॉडिस्ट व दक्षिण हिंदुस्थान संयुक्त मंडळी मिळून ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झाली. देशाची फाळणी होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. अझरिया मात्र १९४५ च्या पहिल्याच दिवशीं निवर्तले होते. नंद्याळकडच्या अनेक अँग्लिकन मंडळ्या त्या वेळीं बाहेरच राहिल्या.

उत्तरेस हाच योग यावयास २९ नोव्हेंबर १९७० उजाडला, आणि तो आला आपल्या नागपुरांत. तेथें सहा मंडळ्या एक झाल्या. सातवें पान अमेरिकन परंपरेच्या मेथॉडिस्टांसाठीं मांडलें होतें. बोलणीं जवळजवळ पुरीं होऊन ते ऐन वेळीं उठून गेले.