वासुदेवाचें नृत्य आणि रस्त्याचा कायदा

नृत्य म्हटलें कीं रंगमंच, साथीदार आणि अंधारांत स्तब्ध बसलेले प्रेक्षक आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु एकट्यानें भर रस्त्यांत नाचावें आणि पाहणारानें त्यांत भाग घेतल्यावांचून तें नृत्य पुरें होऊं नये, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाहीं. पहांटे दारीं येणारा वासुदेव हा तिचा जुना साक्षी आहे.

मोरपिसांची उंच टोपी, पायघोळ अंगरखा, हातांत टाळ-चिपळ्या, कमरेला पांवा व पायांत घुंगरू एवढीच त्याची सामग्री. तो गात नाचत असतां गृहिणी सुपांतून धान्य घेऊन बाहेर येते. दान झोळींत पडलें कीं तो पांवा वाजवितो, स्वतःभोंवतीं गिरकी घेतो आणि देवांचीं व तीर्थांचीं नांवें घेऊन तें त्यांस पावल्याचें सांगतो. म्हणजे नृत्याचा शेवट दात्याच्या हातीं असतो. ज्ञानदेव, नामदेव व एकनाथ यांनीं वासुदेवावर रूपकें रचलीं, यावरून या प्रथेचें वय आणि तिची प्रतिष्ठा हीं दोन्ही कळून येतात.

पुढें शहरें वाढलीं, अंगणें गेलीं आणि वासुदेव रस्त्यावर आला. १९५९ सालीं मुंबई राज्यांत भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. सार्वजनिक जागीं गायन, नर्तन वा खेळ यांच्या मिषानें दान घेणें हेंहि त्याच्या व्याख्येंत भीकच ठरलें. आणि दोषी ठरलेल्यास एक ते तीन वर्षें संस्थेंत डांबण्याची तरतूद झाली. दुसऱ्याकडून भीक मागविणारांस शासन करणें हाहि या कायद्याचा हेतु होता, आणि तो हेतु योग्यच म्हटला पाहिजे. पण 'मिष' या एका शब्दानें कलावंत आणि याचक यांतील भेद पुसून टाकला. दिल्लीसहि हाच कायदा लागू होता; तेथील उच्च न्यायालयानें २०१८ सालीं भीक मागणें हा गुन्हा ठरविणारीं त्याचीं कलमें दिल्लीपुरतीं रद्द केलीं.

अंगणांत जें दान होतें, तेंच रस्त्यावर भीक कसें झालें? नाचणारा तोच, गिरकीहि तीच. बदलला तो देणारा. पूर्वीं त्याला आपण या नृत्याचा एक भाग आहों असें वाटे. आज तो नाणें टाकून, मागें न पाहतां, पुढें निघून जातो. न्यायालयें कलमें रद्द करूं शकतील. क्षणभर थांबून ती गिरकी पुरी होऊं देणें हें मात्र आपलेंच काम आहे.