पंच्याहत्तर रुपयांचे सोबती

हीरक महोत्सवानिमित्त शाळेची जुनी कागदपत्रे लावून ठेवताना शिक्षकसभांच्या इतिवृत्ताची एक वही हाती आली. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी आणि सिंधी कुटुंबांनी ज्या राजा पार्कात वस्ती उभी केली, तेथे मराठी माध्यमाची शाळा चालवावयाची म्हणजे आधी मराठी शिक्षक शोधावयाचे. त्या वहीत जागोजागी एकाच तऱ्हेच्या नोंदी आहेत. अमुक बाई रजेवर, त्यांचे संस्कृतचे तास गणिताच्या सरांनी घ्यावेत. स्नेहसंमेलनाच्या हिशेबात चित्रकलेच्या बाईंनी मदत करावी. कोणाच्या पदवीचा उल्लेख कोठेच नाही. शिक्षक नेमताना पदवीने माझे डोळे मात्र एकदा दिपले होते. ते पुढे सांगेन. इतिहासाची विद्यार्थिनी या नात्याने प्रथम महाराष्ट्रातील एका तेजस्वी शिक्षकवृंदाकडे वळते.

१ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि नुकतेच कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झालेले बाळ गंगाधर टिळक यांनी आरंभ केला. महादेव बल्लाळ नामजोशी लगोलग येऊन मिळाले, त्यांच्यामागून संस्कृतचे पंडित वामन शिवराम आपटे आणि एम.ए. झाल्यावर गोपाळ गणेश आगरकर. एका शाळेच्या शिक्षकदालनात एवढी बुद्धिमत्ता एकत्र बसल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

परंतु शाळेची खरी कसोटी १८८२ साली लागली. मार्चमध्ये शास्त्रीबुवा निवर्तले, तेव्हा त्यांच्या वयाची बत्तिशीही पुरी झाली नव्हती. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. संस्थापक गेलेले, दोन बिनीचे शिक्षक कैदेत, आणि तरीही शाळा बंद पडली नाही. आपट्यांसारखे शिस्तीचे आणि नामजोशींसारखे खटपटी सहकारी मागे उभे होते. नामजोशींचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, याची मला नेहमीच खंत वाटते.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले. सोसायटीच्या मुळाशी आजीव सभासदत्वाची कल्पना होती. वीस वर्षे सेवा करावयाची, अल्प वेतन घ्यावयाचे, आणि हे वेतन विद्वत्तेप्रमाणे कमीजास्त व्हावयाचे नाही. पंच्याहत्तर रुपये हा आकडा त्या पिढीच्या चरित्रांतून वारंवार भेटतो. नव्या माणसास बहुधा आधी काही काळ वर्गावर पाठवीत आणि मग आपल्यांत घेत. गोपाळ कृष्ण गोखले प्रथम शाळेत साहाय्यक शिक्षक होते, आजीव सभासद नंतर झाले. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, ज्या विषयाला शिक्षक नसेल तो विषय ते शिकवीत. ‘मागणीप्रमाणे प्राध्यापक’ अशा अर्थाचे एक थट्टेचे बिरुदही त्यांना मिळाले होते. माझ्या मते ते बिरुद कोणत्याही सुवर्णपदकाच्या तोडीचे आहे.

मात्र हे घर दुभंगले, हेही सांगितलेच पाहिजे. सामाजिक सुधारणेवरून टिळक आणि आगरकर यांच्यात अंतर पडले. आगरकरांनी १८८७ साली केसरी सोडला आणि पुढल्या वर्षी सुधारक काढला. संस्थेत वाद पेटला तो वेतनवाढीवरून आणि बाहेरच्या कामांवरून. आजीव सभासदाने आपला सर्व वेळ संस्थेला द्यावा, ही टिळकांची भूमिका होती. १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा टिळकांनी हरकत घेतली आणि अखेर त्यांनीच राजीनामा दिला. आपल्याकडे हा प्रसंग दोन थोर पुरुषांचे भांडण म्हणून रंगवून सांगतात. मला त्यात दिसते ती एक साधी गोष्ट. त्यागाविषयी सर्वांचे एकमत होते, परंतु कामाची वाटणी कशी करावयाची आणि मतभेद झाल्यास निर्णय कसा घ्यावयाचा, याविषयी नव्हते.

टिळक गेल्यावर गणिताची जागा रिकामी झाली. तेथे कोणाला आणावे? गोखल्यांनी आपल्या महाविद्यालयीन मित्राला बोलावले. मुंबईत शाळांमध्ये आणि खाजगी शिकवण्यांवर निर्वाह करणारे हे बी.ए. गृहस्थ म्हणजे धोंडो केशव कर्वे. टिळकांची छाप पडलेल्या वर्गात उभे राहणे ही सोपी गोष्ट नव्हे. कर्वे १८९१ साली आले आणि १९१४ पर्यंत शिकवीत राहिले. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, गावाने बहिष्कार टाकला, पण संस्थेतील त्यांची जागा गेली नाही. आपट्यांनंतर आगरकर आणि आगरकरांनंतर महादेव शिवराम गोळे प्राचार्य झाले. तीन वर्षांत दोन प्राचार्य मृत्यूने नेले, तरी कॉलेजचे काम चालू राहिले.

यावर कोणी म्हणेल, असामान्य माणसे नसती तर ही शाळा जन्मालाच आली नसती. आक्षेप योग्य आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनिअर रँग्लर होऊन आले, त्यांना मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. ते १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, तेही इतरांसारखे आजीव सभासद होऊन. तेव्हा प्रश्न तेजस्वी माणूस घ्यावा की न घ्यावा हा नव्हे. सर्वांना लागू असलेला नियम तो स्वतःला लावून घेतो की नाही, हा आहे.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी विज्ञानाच्या जागेसाठी दोन उमेदवार होते. एक आमच्याकडेच रजेच्या जागेवर काम केलेल्या बाई, ज्यांच्यापाशी इतर शिक्षक अडचण घेऊन जात. दुसरे एक सुवर्णपदक विजेते, ज्यांचा नमुना पाठ ऐकून समिती थक्क झाली. मी आग्रहाने दुसरे नाव पुढे केले. ते उत्तम शिकवीत, यात शंका नाही. पण प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याच खिशात, कच्च्या मुलांची तुकडी दुसऱ्याकडे, आणि शिक्षकसभेत मौन. दोन सहकाऱ्यांनी बदललेल्या वेळापत्रकासाठी माझ्याकडे अर्ज केले. जानेवारीत, दहावीची परीक्षा तोंडावर असताना, ते अधिक वेतनाच्या जागेवर निघून गेले. मी त्यांना दोष देत नाही. मी फक्त पाठ पाहिला होता, माणसांतले वागणे पाहिले नव्हते. त्या बाईंकडे पुन्हा गेले, तेव्हा त्या दुसरीकडे रुजू झाल्या होत्या. उरलेला अभ्यासक्रम भूगोलाच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी रविवारी येऊन पुरा केला. त्या वर्षीचे विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांना ते रविवार आठवतील.

येत्या सत्रात गणिताची जागा रिकामी होते आहे. उमेदवारांना मुलाखतीआधी दोन दिवस शिक्षकदालनात बसवावे आणि एक पाठ दुसऱ्या शिक्षकाबरोबर मिळून तयार करावयास सांगावा, असे मी व्यवस्थापन समितीला सुचविले आहे. समितीतील एका ज्येष्ठ सभासदांना ते पटलेले नाही. गुणपत्रिका पुरेशी बोलकी असते, असे त्यांचे म्हणणे. पुढल्या शनिवारी सभा आहे. इतिवृत्ताची ती जुनी वही मी सोबत नेणार आहे.