वस्तऱ्याची धार आणि हज्जामाचा हात

एखाद्याला चारचौघांत फैलावर घेतलं की मराठीत ‘त्याची बिनपाण्याने हजामत केली’ असं म्हणतात. या वाक्प्रचारात अनुभवाचं शहाणपण आहे. दाढीचा केस पाण्याने फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. पाणी नसेल आणि वस्तराही बोथट असेल, तर तो केस कापत नाही, ओढतो.

‘हजामत’ हा शब्द मूळ अरबी. ‘हिजामा’ म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणं आणि ते काम करणारा तो हज्जाम. ‘वस्तरा’ आला फारसी ‘उस्तरा’वरून. संस्कृत ‘क्षुर’ आणि ‘क्षौर’ मात्र धार्मिक विधींपुरते उरले. एका साध्या पात्याभोवती तीन भाषा जमल्या, पण ते पातं चालवणाऱ्या माणसाचं नाव आपण शिवी म्हणून वापरू लागलो. म्हणून या धारेचा इतिहास थोडा तपशिलात पाहायला हवा.

धार कशी लागते

उघड्या वस्तऱ्याचं पातं पाठीकडे जाड आणि धारेकडे अतिशय पातळ असतं. दगडावर ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचा कोन पाठीच्या जाडीनेच ठरलेला असतो. नवशिक्या नेमका इथेच फसतो. पाठ उचलली की कोन बिघडतो. जोर दिला की पातळ पातं दबतं आणि धारेवर तारेसारखा नाजूक काठ उभा राहतो. तो एका गालावर तेज वाटतो आणि दुसऱ्या गालापर्यंत मोडतो.

दगडावर पातं धारेच्या दिशेने पुढे न्यायचं, टोकाला पोचल्यावर पाठीवरून उलटवायचं आणि तसंच परत आणायचं. आधी खरखरीत दगड, मग बारीक, शेवटी चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. नाहीतर चामडं कापलं जातं आणि धारही जाते. दगड क्वचित लागतो, पट्टा मात्र प्रत्येक दाढीआधी. बेल्जियमच्या आर्डेन भागातला पिवळसर ‘कोटिक्यूल’ दगड या कामासाठी नावाजलेला आहे. त्यातले गार्नेटचे सूक्ष्म कण पोलाद हळुवार झिजवतात. पण दगड कितीही उत्तम असला तरी हलका हात विकत मिळत नाही, तो सरावानेच येतो.

बाजारनिरीक्षकाचा नियम

ही बाब केवळ हौसेची नव्हती. बाराव्या शतकात सीरियात अश-शैझरी यांनी मुहतसिबासाठी, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. भेसळ करणारे, मापात मारणारे यांच्यासोबत त्यात हमामातल्या न्हाव्याचेही नियम आहेत. त्याचा हात हलका असावा, वस्तरा धारदार असावा आणि कामाच्या दिवशी त्याने कांदा-लसूण खाऊ नये, म्हणजे गिऱ्हाइकाला तोंडाच्या वासाचा त्रास होणार नाही. थोडक्यात, चांगली धार हा गिऱ्हाइकाचा हक्क मानला गेला आणि त्यावर नजर ठेवणं हे शहराच्या कारभाराचं काम ठरलं.

यामागे एक जुनी नैतिक धारणाही दिसते. सहीह मुस्लिममधल्या एका हदीसमध्ये सांगितलं आहे की, जनावर जिबह करताना सुरीला नीट धार लावा आणि त्याच्या यातना कमी करा. प्रसंग वेगळा आहे, तत्त्व मात्र तेच: ज्याच्यावर हत्यार चालतं, त्याची वेदना कमी करणं हे हत्यार चालवणाऱ्याचं कर्तव्य आहे.

स्वतःची दाढी स्वतः

युरोपने अठराव्या शतकात दुसरा मार्ग शोधला. पॅरिसचे कसबी सुरीकार झां-झाक पेरे यांनी १७६९मध्ये स्वतःची दाढी स्वतः करायला शिकवणारं पुस्तक काढलं. त्याच्या लांबलचक शीर्षकातच धारेचे दगड कसे ओळखावेत आणि पट्ट्याचं चामडं कसं तयार करावं याचा उल्लेख आहे. ज्याला दाढी शिकायची, त्याने आधी धार शिकावी, हे पेरे यांना पक्कं ठाऊक होतं. त्वचा कापू नये म्हणून पात्याला लाकडी आड लावण्याची कल्पनाही त्यांचीच.

त्याच शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात लिहिलं की, गरीब तरुणाला हजार गिनी देण्यापेक्षा दाढी करायला आणि वस्तरा नीट राखायला शिकवणं त्याच्या सुखासाठी जास्त मोलाचं आहे. कारणं काय? न्हाव्याची वाट पाहणं, त्याची मळकी बोटं, तोंडाचा वास आणि बोथट वस्तरा. सहा शतकांपूर्वी अश-शैझरी यांच्याही मनात जवळपास याच तक्रारी होत्या. एकाने न्हाव्याला शिस्त लावायचं ठरवलं, दुसऱ्याने न्हाव्यालाच वगळायचं.

दख्खनचं पोलाद

धार टिकते ती पोलादावर आणि इथे आपला दख्खन कथेत येतो. नवव्या शतकात अल-किंदी यांनी तलवारींच्या प्रकारांवर लिहिलेल्या ग्रंथात हिंदी तलवारींना मानाचं स्थान आहे. अरबीत ‘मुहन्नद’ म्हणजे हिंदी पोलादाची तलवार. आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून इराणी व्यापारी हे पोलाद घेऊन जात.

अठराव्या शतकाच्या शेवटी मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या ‘वूट्झ’ पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. १७९५मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीत त्यावर निबंध वाचला. हे पोलाद मुंबईत बनतं असं त्यांनी शीर्षकातच म्हटलं, प्रत्यक्षात ते आतल्या प्रदेशात बनत होतं. बंदराचं नाव राहिलं, भट्टी फुंकणाऱ्यांचं गेलं. पुढे १८२०च्या सुमारास सुरीकार जेम्स स्टोडार्ट आणि तरुण मायकेल फॅरडे यांनी वूट्झचं कोडं सोडवताना पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिलं. त्या मिश्रधातूंचे वस्तरेही तयार झाले.

१९०४मध्ये किंग कँप जिलेट यांना अमेरिकेत सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं आणि चित्र पालटलं. वापरा आणि फेका अशा ब्लेडला धार लावायचीच नसते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना असे रेझर वाटले गेले आणि एका पिढीची सवय बदलली. आपल्याकडे न्हाव्याच्या धोकटीतला दगड हळूहळू गेला. एड्सच्या भीतीनंतर तर प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी ब्लेड हाच नियम झाला. तो आरोग्यासाठी योग्यच आहे. पण त्याबरोबर एक कसबही गेलं.

हात कोणाचा?

ज्याच्या कसबावर माणसं आपला गळा निर्धास्त सोपवतात, त्यालाच समाजाने खालचं ठरवलं. ही गोष्ट एका धर्मापुरती नाही. गावगाड्यात न्हावी बलुतेदार होता, वर्षभर राबून सुगीला धान्य मिळवणारा. मुस्लिमांमध्येही लग्नातल्या ‘कफाअत’ म्हणजे बरोबरीच्या चर्चेत जुन्या फकिहांनी हज्जामाला विणकर आणि चांभारासोबत कमी प्रतीचा व्यवसाय मानलं. आज तो समाज स्वतःला ‘सलमानी’ म्हणवतो, सलमान फारसी यांच्याशी नातं सांगतो. ‘हज्जाम’ हा शब्द त्यांना का नको झाला, हे आपण स्वतःला विचारायला हवं.

खरं तर पैगंबरांनी अबू तैबा या गुलाम हज्जामाकडून हिजामा करून घेतली, त्याला मेहनताना दिला आणि त्याच्या मालकांना सांगून त्याच्यावरचा कमाईचा बोजा कमी करवला. ही नोंद सहीह बुखारीत आहे. मिलाद आणि वाज यांमधून ती क्वचितच ऐकू येते.

महाराष्ट्रातही या हातांनी इतिहास घडवला आहे. १८९०मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही असा निर्धार केला. सत्यशोधक चळवळ आणि नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. सुधारकांनी वर्षानुवर्षं लेख लिहिले, व्याख्यानं दिली. पण विधवेच्या डोक्यावर वस्तरा ठेवायचा की नाही, हे ज्याच्या हातात होतं, त्याने तो खाली ठेवला.

अश-शैझरी यांनी न्हाव्याकडून धारदार वस्तरा मागितला, ती मागणी रास्त होती. त्याच्या बदल्यात त्याला इज्जत देण्याचा नियम मात्र कोणत्याही बाजारनिरीक्षकाने लिहिला नाही. तो आपल्यालाच लिहावा लागेल, आणि सुरुवात ‘हजाम’ ही शिवी तोंडातून काढून टाकण्यापासून करता येईल.