नेकार नदीकाठचे हायडेलबर्ग: एका शब्दाची गोष्ट

अल्लामा इक्बाल यांची 'एक शाम' ही कविता शिकवताना मी मुलांना आधी नकाशात जर्मनीतली नेकार नदी शोधायला सांगतो. १९०७ च्या उन्हाळ्यात इक्बाल जर्मन भाषा शिकायला या नदीकाठच्या हायडेलबर्ग शहरात राहिले होते. तिथल्या काठाच्या एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. कवितेतली संध्याकाळ निःशब्द आहे. शहराचा इतिहास मात्र तसा नाही.

इथले विद्यापीठ १३८६ चे, आजच्या जर्मनीतले सर्वांत जुने. तीस वर्षांच्या युद्धात, १६२२ मध्ये, शहर पडले आणि इथला विख्यात ग्रंथसंग्रह पोपला भेट म्हणून रोमला गेला. त्यातली जर्मन हस्तलिखिते परत यायला १८१६ साल उजाडले. मधल्या काळात, १६८९ आणि १६९३ मध्ये, फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजांनी शहर आणि किल्ला उद्ध्वस्त केला.

पण सगळेच घाव बाहेरच्यांनी घातले असे नाही. १९३१ च्या सुमारास विद्यापीठाच्या नव्या इमारतीवर 'जिवंत प्रज्ञेला' अशा अर्थाचे शब्द कोरले गेले. ते सुचवणारे प्राध्यापक फ्रिडरिश गुंडोल्फ ज्यू होते. नाझींनी त्यातला एकच शब्द बदलला आणि 'जर्मन प्रज्ञेला' असे केले. १९३३ मध्ये विद्यापीठाच्या चौकात पुस्तके जाळली गेली. ज्यू प्राध्यापकांना काढले. पत्नी ज्यू म्हणून तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांची नोकरी १९३७ मध्ये गेली. २२ ऑक्टोबर १९४० ला या भागातले साडेसहा हजारांवर ज्यू फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत पाठवले गेले. हे सारे अडाणी लोकांनी केले नाही. नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्स याच विद्यापीठाचा डॉक्टरेट होता!

१९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जुना पूल उडवला. १९४७ पर्यंत तो पुन्हा उभा राहिला. इमारतीवर मूळ शब्दही परत आले. परतलेल्या यास्पर्स यांनी विद्यार्थ्यांसमोर थेट जर्मनांच्या अपराधाचाच प्रश्न मांडला. पुढे याच विद्यापीठात गुंथर सोंथायमर यांनी आपल्या खंडोबाचा आणि धनगरांच्या परंपरांचा अभ्यास केला. परक्या भाषेच्या दारात असे आदराने बसणे, हेच जिवंत प्रज्ञेचे लक्षण.

ज्ञानाला एकाच कौमचे, एकाच वंशाचे नाव चिकटवले की त्यातला जीव जातो. इमारतीवरचा शब्द दुरुस्त करता येतो. गेलेली माणसे परत येत नाहीत. म्हणून आपल्या शाळांच्या भिंतींवर काय लिहिले जाते आणि काय पुसले जाते, याकडे आपले लक्ष असायला हवे.