काळा, पांढरा आणि मधला हिरवट

कृष्णधवल फोटो छापणं हे रंगीत फोटो छापण्यापेक्षा सोपं असणार असं कुणालाही वाटेल. रंगच नाहीत, तर बिघडणार काय? पण प्रत्यक्षात उलटं आहे. रंगीत फोटोत आकाश जरा जास्त निळं आलं तर आपण खपवून घेतो. करड्या रंगात मात्र चिमूटभर हिरवा मिसळला तरी डोळा लगेच पकडतो. आणि तो करडा रंग घरातल्या माणसाच्या गालावर असेल तर मग विचारूच नका.

हे सगळं डोक्यात आलं ते आमच्या आजोबांच्या फोटोमुळे. (नातेवाईक मंडळींना कोणता ते कळलंच असेल. फेटा, बंद गळ्याचा कोट, एक हात खुर्चीच्या पाठीवर.) फोटो १९४९ सालचा, हैदराबादला काढलेला. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपून वर्ष उलटलं होतं. उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा बिदर म्हैसूर राज्यात गेलं, आपण उस्मानाबाद जिल्ह्यातून मुंबई राज्यात आलो आणि १९८२ साली लातूर जिल्ह्यात. १९४९ साली मात्र उदगीरकराचं मोठं शहर म्हणजे हैदराबादच. कोर्टाचं काम तिकडे, लग्नाचा बस्ता तिकडे, आणि ऐपत असेल तर फोटोही तिकडे. आजोबांच्या फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आहे, वरची ओळ उर्दूत, खालची इंग्रजीत.

हैदराबादला फोटोचा थाट जुना. १८८० च्या दशकात सहावे निजाम महबूब अली खान यांनी लाला दीनदयाळ यांना दरबारी छायाचित्रकार नेमलं. दीनदयाळ मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे, आधी इंदूरला नोकरीत होते. १८८६ साली त्यांनी सिकंदराबादला स्टुडिओ थाटला, आणि १८९२ साली हैदराबादला पडदानशीन बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तिथला कारभार एका इंग्रज बाईंकडे होता. निजामाने त्यांना 'राजा मुसव्विर जंग' हा किताब दिला. १९०५ साली ते गेले. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या, म्हणून वाचल्या. गावोगावच्या साध्या स्टुडिओंच्या काचा कुठे गेल्या? कित्येक ठिकाणी धुऊन पुसून फोटोच्या फ्रेमला लावल्या गेल्या. म्हणजे एकाचा चेहरा पुसायचा आणि त्याच काचेमागे दुसऱ्याचा लावायचा!

असो. दीनदयाळांचे प्रिंट अंड्याच्या पांढऱ्यात भिजवलेल्या कागदावरचे, ते तपकिरीच असायचे. पुढे ब्रोमाइड कागद आला. त्यात चित्र तयार होतं ते एकाच पदार्थाचं, चांदीचं. जिथे प्रकाश जास्त पडला तिथे चांदीचे कण दाट, कमी तिथे विरळ. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे सगळे करडे त्या एकाच चांदीचे, म्हणून ते आपसात भांडत नाहीत. कागद थोडा उबदार छटेचा असेल तर सगळा फोटो सारखाच उबदार. फेटा एका रंगाचा आणि कोट दुसऱ्या रंगाचा, असं होत नाही.

चांदीचा शत्रू वेगळा. हायपोत बुडवल्यावर प्रिंट वाहत्या पाण्यात भरपूर धुवावा लागतो. हायपो कागदात राहिला तर काही वर्षांनी चांदी पिवळट-तपकिरी पडते. आता आपल्याकडे पाण्याची काय स्थिती असते ते मी सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. उन्हाळ्यात एका पोस्टकार्ड साइज फोटोसाठी तासभर नळ कोण सोडून ठेवणार? आपल्या भागातल्या अल्बममध्ये पिवळे पडलेले फोटो एवढे का, याचं निदान एक कारण हे असावं असा माझा अंदाज आहे. आजोबांचा फोटो मात्र अजून काळाभोर आहे. त्या हैदराबादच्या स्टुडिओत पाणी मुबलक असणार.

पुढे देशी कागदही मिळू लागला. उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स १९६० साली स्थापन झाली, १९६७ पासून माल निघू लागला, मार्का 'इंदू'. गेल्या दशकात तीही कायमची बंद झाली. कोडॅकने तर काळा-पांढरा कागद करणं २००५ मध्येच सोडून दिलं. म्हणजे चांदीचा रस्ता बंद होत आला होता, आणि समोर उरला होता इंकजेट.

इंकजेटची जन्मकथा मजेशीर आहे. १९७७ साली जपानमध्ये कॅननच्या एका संशोधकाचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाईच्या सुईला लागलं आणि सुईतून शाईचा थेंब उडाला. उष्णतेने थेंब उडवायचा, ही कल्पना तिथून पुढे गेली. हेवलेट पॅकार्डनेही स्वतंत्रपणे हाच मार्ग शोधला आणि १९८४ साली 'थिंकजेट' बाजारात आणला. एप्सनने उष्णतेऐवजी विजेने आकार बदलणारा स्फटिक वापरला. हे सगळं मुळात ऑफिसच्या कागदांसाठी. त्यावर फोटो काढायचं वेड घेतलं ते ग्रॅहॅम नॅश या गायकाने. निगेटिव्ह हरवलेल्या आपल्या काळ्या-पांढऱ्या फोटोंचे मोठे प्रिंट त्याला हवे होते. त्यासाठी त्याने 'आयरिस ३०४७' हे छापखान्याचं प्रूफ काढायचं अवाढव्य यंत्र घेतलं आणि १९९१ साली कॅलिफोर्नियात 'नॅश एडिशन्स' सुरू केलं. ते यंत्र आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. म्हणजे कलेच्या इंकजेटची सुरुवातच निगेटिव्ह हरवलेल्या कृष्णधवल फोटोंपासून झाली. आपलं दुखणं अगदीच एकट्याचं नाही!

आता मूळ दुखणं. रंगीत प्रिंटर करडा रंग कसा करतो? निळसर, गुलाबी आणि पिवळ्या शाईचे थेंब शेजारी शेजारी टाकून. तिघांचं प्रमाण जुळलं तर करडा, नाहीतर छटा. बरं, फक्त काळीच शाई वापरायला सांगितलं, तर उजळ भागात थेंब इतके विरळ पडतात की गालावर मोहरी सांडल्यासारखी दिसते. फिकट काळी शाईच नसेल तर करणार काय?

आजोबांचा पहिला इंकजेट प्रिंट २००६ साली काढला. दुकानात ट्यूबलाइटखाली एकदम झकास. घरी आणून अंगणात पाहिला तर फेटा शेवाळी! आत्या म्हणाली, "आजारी दिसायलेत की आपले बापू." एका उजेडात जुळलेल्या शाया दुसऱ्या उजेडात जुळत नाहीत, हा तो प्रकार. एप्सनच्या २००० सालच्या '२०००पी' प्रिंटरवर जगभरच्या छायाचित्रकारांनी हीच टीका केली होती, दिवसा हिरवट आणि बल्बखाली तांबूस. त्याची शाई रंगकणांची होती, टिकाऊ होती, पण करड्याची बोंब. त्याच सुमारास विरघळणाऱ्या रंगाच्या शायांचं उलट झालं. दिसायला सुंदर, पण हवेतल्या ओझोनने निळसर रंग उडायचा आणि फोटो नारिंगी पडायचा. आजोबांचा दुसरा प्रिंट, चकचकीत कागदावरचा, भिंतीवर हार घालून लावला होता. तीन वर्षांत बापू लालबुंद झाले. शेजारी १९४९ चा मूळ फोटो जसाच्या तसा.

आणि लोडशेडिंग! छपाई चालू असताना वीज गेली की प्रिंटरचं हेड जागच्या जागी उघडं पडतं. मे महिन्यात उदगीरला शाई वाळायला किती वेळ लागणार? मग एखादं छिद्र बुजतं, फोटोवर आडव्या रेघा येतात, आणि बुजलेलं छिद्र गुलाबीचं असेल तर पुन्हा हिरवा रंग हजर.

उपाय निघाले, नाही असं नाही. अमेरिकेत जॉन कोन यांनी रंगीत शाया काढून टाकून सगळ्या नळ्यांत करड्याच शाया भरायची पद्धत आणली, 'पिझोग्राफी'. २००५ साली एप्सनच्या 'आर २४००' मध्ये काळी, फिकट काळी आणि अतिफिकट काळी अशा तीन शाया एकत्र आल्या. करडा मुख्यतः त्यांचाच, रंगीत शाई नावापुरती. मला विचाराल तर अर्धं दुखणं तिथेच संपलं. चकचकीत कागदावर शाई तिरप्या उजेडात तांब्यासारखी चमकते, तो त्रास पुरता गेला नाही. खरखरीत सुती कागदावर ती चमक नाही, पण मग काळा तितका खोल येत नाही. चांदीच्या प्रिंटमधला कोट काळा होता, सुती कागदावर तो कोळशासारखा दिसतो. मी शेवटी सुती कागदच निवडला. कोट फिका झाला तरी चालेल, चेहरा चेहऱ्याच्या रंगाचा हवा.

तो प्रिंट आता भिंतीवर आहे, काचेमागे, उन्हापासून लांब. मूळ फोटो कपाटात, कागदी पाकिटात (प्लास्टिकच्या अल्बममध्ये ठेवू नका, चिकटतो). त्याच दिवशी काढलेला दुसरा एक फोटो होता, दोन भावांचा. तो बिदरकडच्या मंडळींकडे गेला असं आत्या सांगायची. कुणाकडे असेल तर स्कॅन करून पाठवा, आणि मागची बाजूही स्कॅन करा. आमच्या शिक्क्यातली उर्दू ओळ अर्धी पुसली गेलीय.